महाधमनीच्या मागची वाट

शालनने आपल्या नवऱ्याचं हृदय पहिल्यांदा पाहिलं ते शिलाईमशीनशेजारी. कापून ठेवलेल्या ब्लाउजच्या बाह्यांपलीकडे, खडूच्या डब्याला टेकवून तिने टॅबलेट उभा केला होता, आणि त्यात भूपाल मगदूम यांचं हृदय चालू होतं. सर आतल्या खोलीत दुपारचे झोपले होते. पडद्यावरचा लालसर गोळा संथ, जरा ओढल्यासारखा मिटत होता, उघडत होता.

साडीला फॉल लावायला द्यायला आलेल्या चौगुलेवहिनी वाकून बघत राहिल्या.

"अगं बाई, हे सरांचं?"

"त्यांचंच."

"आणि तुला हे सारखं दिसतं? ते बाहेर गेले तरी?"

"कुठेही गेले तरी."

"आमच्या ह्यांचं नको बाई," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी मशीनवर ठेवून निघून गेल्या. शालनला तेव्हा हसू आलं होतं.

भूपाल मगदूम सांगलीच्या एका शाळेत क्रीडाशिक्षक होते. खो-खोच्या मुलींचे संघ घडवण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावरही जिल्ह्याच्या निवडचाचणीला ते मैदानावर हजर असायचे. त्या वर्षीच्या चाचणीत शिट्टी तोंडाला लावता लावताच ते खाली कोसळले. शुद्धीवर आले ते मिरजेच्या हृदयरुग्णालयात, आणि समोर उभा असलेला डॉक्टर त्यांच्याच शाळेतला निघाला.

"सर, मी इरफान बारगीर. तुम्ही मला संघातून काढलं होतं."

"का?"

"पळायचो नाही म्हणून."

"मग बरोबर काढलं," सर म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

डॉक्टर बारगीरने शालनला बाजूला बसवून सगळं समजावलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं त्या दारावरची झडप चुन्याचा थर बसून कडक झाली होती. पूर्वी छाती उघडून ती बदलत. पण सरांना तरुणपणी क्षय झालेला, एक फुप्फुस अर्धं निकामी, छाती उघडणं झेपणारं नव्हतं. तेव्हा जांघेतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, वर सरकवायची, मिटलेली नवी झडप तिच्यातून जुनीच्या आत न्यायची आणि तिथे फुलवायची.

"हे आता रोजचं झालंय काकू. पण सरांचं जरा निराळं आहे."

त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "हृदयाला स्वतःलाही रक्त लागतं. ते देणाऱ्या दोन रक्तवाहिन्या असतात, उजवी आणि डावी. डावीचे पुढे दोन फाटे होतात. सरांच्यात त्यातला एक फाटा डावीकडून निघतच नाही. तो उजवीकडून निघतो आणि महाधमनीच्या मागून, झडपेच्या कड्याला चिकटून, वळसा घालून डावीकडे जातो. जन्मापासूनच. शेकड्यांत एखाद्याचं असतं असं, आणि त्याला आयुष्यभर पत्ता लागत नाही."

"मग अडचण काय?"

"भिंत आणि कपाट यांच्यामधून वायर गेली असेल आणि आपण कपाट मागे सरकवलं, तर?"

शालनला कळलं.

"दबेलच असं नाही," डॉक्टर म्हणाला. "माणूस शांत असेल तर बहुधा नाही. पण जोर आला, महाधमनी फुगली, की तेवढ्यापुरती दबू शकते. आणि स्कॅन काढताना माणूस निपचित पडलेला असतो. त्यात हे दिसणार कसं? म्हणून आम्ही सरांचं प्रतिहृदय करणार."

सरांच्या गळ्याच्या हाडाखाली रुपयाएवढी चकती चिकटवायची. ती ठोके ऐकणार, रक्ताचा दाब मोजणार, माणूस उभा आहे की बसलाय तेही ओळखणार. महिना-दीड महिना हे सगळं संगणकात जात राहायचं आणि स्कॅनमधल्या आकाराशी जोडलं जायचं. त्यातून दुसरं हृदय तयार व्हायचं, हुबेहूब सरांसारखं वागणारं. "त्या हृदयात आम्ही शंभरदा झडप बसवून बघणार," डॉक्टर म्हणाला, "म्हणजे खऱ्यात एकदाच बसवावी लागेल."

एकच काम घरच्यांकडे होतं. ठोके उसळलेले चकतीला कळत, पण कशामुळे ते कळत नसे. ते टॅबलेट विचारायचा आणि घरच्यांनी उत्तर द्यायचं. रुग्णाला मात्र पडदा दाखवायचा नाही, त्यात काय दिसतं तेही सांगायचं नाही. स्वतःचं हृदय बघत बसलेल्या माणसाचं हृदय सरळ वागत नाही.

सरांना विचारलं तर ते म्हणाले, "शालन म्हणेल तसं."

पहिला आठवडा मजेत गेला. शालन प्रतिहृदयाला 'जुळं' म्हणायला लागली. जुळ्याला काय काय कळायचं! चहा घेतला की ते जरा तरतरीत व्हायचं. टीव्हीवर सामना लागला की धावायचं. शाळेचा जुना शिपाई भेटायला आला तेव्हा नाचलं. टॅबलेट विचारायचा, 'आत्ता काय घडलं?' आणि शालन मशीन थांबवून लिहायची, 'मित्र आला,' 'दूध उतू गेलं,' 'मुलीचा पुण्याहून फोन.' छत्तीस वर्षं ज्या माणसाच्या चेहऱ्यावरून तिला काही वाचता आलं नव्हतं, त्याचं आतलं सगळं आता उघडं होतं. तिला वाटलं, ही आपल्याला म्हातारपणी मिळालेली भेटच आहे.

मग एका मंगळवारी, सर बाहेर गेलेले असताना, जुळं उसळलं. चहाने किंवा सामन्याने उसळायचं तसं नव्हे. कुणीतरी हाक मारावी आणि धावत सुटावं तसं. ते तासभर तसंच राहिलं, मध्येच अजून चढायचं, मग जरा उतरायचं. पडद्यावर अक्षरं आली. 'रुग्ण बसलेले आहेत. काय घडत आहे?'

'माहीत नाही,' शालनने लिहिलं.

सर आल्यावर तिने विचारलं, "कुठे होतात?"

"वाचनालयात."

"काय वाचलंत?"

"वर्तमानपत्रं."

शुक्रवारी पुन्हा तेच. पुढच्या मंगळवारी पुन्हा.

आणि मग तिच्या लक्षात आलं की गेल्या दोन आठवड्यांत टॅबलेटने तिच्याबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. ती खोलीत आली, गेली, त्यांच्या शेजारी बसली, पाठीला तेल लावलं, जुळं आपलं संथ. एकदाही अडखळलं नाही. दूध उतू गेल्याची नोंद होती. शालनची नव्हती.

तिने परीक्षा घ्यायचं ठरवलं. ठेवणीतली चिंतामणी रंगाची साडी नेसून ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुठे लग्नाला?" सर म्हणाले. जुळं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडग्यातल्या दह्याबरोबर त्यांना आवडणारी आंबोळी केली. सरांनी मिटक्या मारत खाल्ली. जुळ्याने ती पचवायला घेतली, एवढंच. शेवटी तिने मुद्दाम, कारण नसताना, सरांच्या हातावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने टॅबलेट तिरका करून बघितलं. ठोके दोनाने कमी झाले.

त्या रात्री त्यांचं ताट वाढून ती न जेवताच मशीनवर जाऊन बसली. सरांनी विचारलंही नाही का ते.

पुढच्या शुक्रवारी सर निघाल्यावर थोडं अंतर ठेवून ती निघाली आणि त्यांच्याच बसमध्ये मागून चढली. विनाचालक बस विश्रामबागेच्या थांब्यावर थांबली आणि सर उतरले, सावकाश, प्रत्येक पायरीला कठडा धरत. मागच्या दाराने शालन उतरली. वाचनालय दुसऱ्या दिशेला होतं. सर एका जुन्या तीन मजली इमारतीत शिरले, जिन्यात मध्ये थांबून दम खाल्ला आणि पहिल्या मजल्यावरची बेल वाजवली.

शालन खाली, नारळाच्या झाडाजवळ उभी राहिली. गॅलरीचं दार उघडं होतं.

"तू मूर्ख आहेस, भूपाल!" बाईचा आवाज आला. खणखणीत, मैदानावर कमावलेला. "त्या पोरीने खो मिळायच्या आधी पाय उचलला होता. मी डोळ्याने बघितलं."

"तुझे डोळे! तेव्हापासूनच अधू होते ते!"

"मी पंच होते!"

"वाईट पंच होतीस!"

काहीतरी आपटलं, बहुतेक टेबलावर मूठ. मग दोघंही हसायला लागले. सरांचं ते हसणं शालनने कधी ऐकलं नव्हतं. पोटातून येणारं, खोकल्यात संपणारं. मग ते गॅलरीत आले, त्यांच्या मागोमाग एक उंच बाई, केस पांढरे आणि पोराएवढे आखूड. ती बोट नाचवत काहीतरी पटवत होती आणि भूपाल मगदूम मान हलवत 'नाही, नाही, नाही' म्हणत होते.

शालनला कुणी बिलगलेलं दिसलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. हे असलं काही पाहायची तिची तयारी नव्हती. छत्तीस वर्षांत त्या माणसाने तिला एकदाही मूर्ख म्हटलं नव्हतं, एकदाही टेबल आपटलं नव्हतं. 'तू म्हणशील तसं.' भिंतीचा रंग, मुलीचं नाव, घर, सण. तू म्हणशील तसं. तिच्या मैत्रिणी म्हणायच्या, नशीबवान आहेस. आणि इथे ही बाई. हिच्याशी वाद घालायला दुखऱ्या छातीने ते जिना चढत होते.

घरी आल्यावर टॅबलेट विचारतच होता. 'रुग्ण बसलेले आहेत. काय घडत आहे?'

शालनने बराच वेळ बोटं पडद्यावर धरून ठेवली. मग लिहिलं, 'जिना चढून आले, म्हणून.'

खोटं नव्हतं ते. जिना तर होताच. पण त्या बाईला सरांच्या हृदयाच्या इतिहासात जागा द्यायची नव्हती तिला. डॉक्टरांच्या, संगणकाच्या, कुणाच्याच नोंदीत ती बाई यायला नको होती. पुढच्या प्रत्येक मंगळवारी आणि शुक्रवारी शालन लिहीत गेली. 'जिना.' 'जिना.' 'जिना.'

महिना सरत आला तेव्हा डॉक्टर बारगीरने दोघांना बोलावलं. सरांना रक्ततपासणीला पाठवून त्याने शालनला योजना सांगितली. तो खुशीत होता.

"चांगलं झालंय काकू. जुळं काय सांगतं, ती मागची रक्तवाहिनी जिना चढल्यावरच दबेल. बसल्यावरही ठोके लवकर उतरत नाहीत, ते अर्ध्या फुप्फुसामुळे. म्हणजे चढण बंद केली की झालं. नेहमीची झडप बसवू. त्या रक्तवाहिनीत आधी तार घालून ठेवायची, गरज पडली तर स्टेंट उघडायचा, हे सगळं टाळता येईल. त्या बारीक वाटेत तार घालण्यातही धोका असतोच, तो उगीच कशाला घ्यायचा?"

शालन खुर्चीत पुढे सरकली. "आणि ते जिन्यामुळे नसेल तर?"

"म्हणजे?"

"समजा. बसल्या बसल्या तसं झालं तर?"

डॉक्टरचा चेहरा गंभीर झाला. "मग वेगळं. श्रमाचे ठोके हळूहळू चढतात, माणूस दमतो, थांबतो. मनातून आलेली उसळी एका क्षणात येते, आणि थांबायचं कुणाला सुचत नाही. त्यात नवी झडप आतून रेटत असेल तर ती वाट बंदच होईल. खुर्चीत बसल्या जागी जातील सर." मग तो थांबला. "काकू, काय आहे?"

बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती. आत्ता गप्प राहिलं तर कुणालाही कधीही कळणार नाही, हे शालनला स्वच्छ दिसत होतं. आणि एखाद्या शुक्रवारी त्या गॅलरीच्या आत काय होईल तेही दिसत होतं.

"जिना नव्हता," ती म्हणाली. "एक बाई आहे. तिच्याशी ते भांडतात."

तिने सगळं सांगितलं. पदराला बोटं गुंडाळत, डॉक्टरकडे न बघता. तो रागावला नाही. उलट पुढे वाकून म्हणाला, "काकू, एक सांगू? तुम्ही जवळ असलात की सरांचे ठोके सगळ्यांत शांत असतात. मी बघितलंय नोंदीत. त्यालाही अर्थ असतो."

"पलंगावरही शांत असतात ते," शालन म्हणाली. "पलंगाला काय अर्थ लावायचा?"

डॉक्टर कामाच्या गोष्टीकडे वळला. रुग्णालयात खुर्चीचा नवा स्कॅनर आला होता, माणूस बसलेला असताना चालत्या हृदयाच्या प्रतिमा काढणारा. पण तो क्षणभरच चालवायचा, किरण फार होतात. तो क्षण नेमका उसळीचा हवा. "औषध देऊन ठोके वाढवता येतात. पण ते नुसते ठोके. रागाने, आनंदाने रक्तवाहिन्या आवळतात तशा औषधाने आवळत नाहीत. तीच उसळी इथे, खुर्चीत यायला पाहिजे." तो अडखळला. "त्या बाईंना कोणी बोलवू शकेल का?"

"मी बोलावते," शालन म्हणाली.

दारावरच्या पाटीवर नाव होतं, मृदुला आवटी. दार त्या उंच बाईंनीच उघडलं. जवळून त्या आणखी उंच वाटत होत्या. भिंतीवर संघांचे फोटो, कोपऱ्यात पदकांनी भरलेली परडी, लिंबं ठेवावीत तशी.

"मी शालन. मगदूमांची."

मृदुलाबाईंच्या चेहऱ्यावरचं काहीतरी क्षणात सरळ उभं राहिलं, शिपायासारखं. "या. त्यानं सांगितलं शेवटी?"

"नाही. त्यांच्या हृदयानं सांगितलं."

शालनने बसायलाही नकार दिला. उभ्या उभ्याच तिने झडप, मागची वाट, खुर्ची, सगळं सांगितलं. मृदुलाबाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुम्हाला विचारायचं ते विचारा. मग पुढचं बोलू."

"तुमचं काय होतं?"

"चोविसाव्या वर्षी त्यानं मला मागणी घातली. मी नाही म्हटलं. त्याला बायको घरात हवी होती, मला पतियाळ्याच्या क्रीडासंस्थेत जाऊन प्रशिक्षक व्हायचं होतं. त्यानंतर मैदानावर गाठ पडली तेवढीच, पुढे भेट नाही. दोन वर्षांपूर्वी मी सांगलीला परत आले, बसमध्ये भेटला, आणि पहिल्याच वाक्याला म्हणाला, 'तो निर्णय चुकीचा होता.' राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातला. मी त्याच्या संघाविरुद्ध दिला होता." त्या किंचित हसल्या. "तेव्हापासून भांडतोय आम्ही. एवढंच आहे. पण एवढंच म्हणजे कमी आहे, असं मी तुम्हाला सांगणार नाही."

शालनला वाटलं, हिने खोटं बोलायला हवं होतं. निदान तेवढं तरी करायला हवं होतं.

"म्हणजे तुम्ही नाकारलेलं मी घेतलं," ती म्हणाली.

"मला तो घरात नको होता. तुम्ही घरात ठेवलात. कुणाच्या वाट्याला तो जास्त आला ते मला कळत नाही."

"मलाही नाही," शालन म्हणाली. "बुधवारी सकाळी या. आणि आल्याबरोबर भांडा. मऊ बोलू नका, वेळ फार थोडा असतो."

बुधवारी सरांना खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंनी यंत्राच्या पांढऱ्या कमानी आल्या. जाड काचेच्या अलीकडे डॉक्टर, तंत्रज्ञ आणि शालन. शालन खांबाच्या आड उभी होती. दार उघडून मृदुलाबाई आत गेल्या.

"तू?" सर म्हणाले. "इथे कशी काय?"

"ती पोर आज मला भेटली," मृदुलाबाई तडक म्हणाल्या. "ज्या पोरीच्या नावाने तू गळा काढतोस, ती. म्हणाली, पाय उचलला होता. स्वतः म्हणाली!"

"खोटं!"

"तुझीच विद्यार्थिनी!"

"तू बोलायला लावलं असशील तिला! तुझी सवयच ती, आधी ठरवायचं आणि मग बघायचं!"

पडद्यावर ठोके चढले. तंत्रज्ञाने बोट कळीवर ठेवलं. "अजून थोडं," डॉक्टर पुटपुटला. शालन तो आकडा बघत होती. तिच्या छातीत सुरी फिरावी तसं होत होतं, आणि त्याच वेळी ती मनात म्हणत होती, चढ, अजून चढ.

नीट बघता यावं म्हणून ती नकळत खांबाच्या बाहेर आली.

सरांनी मान वळवली. काचेपलीकडे त्यांना शालन दिसली.

पडद्यावरची रेघ उभीच्या उभी वर गेली. "आत्ता!" डॉक्टर ओरडला. यंत्र घुमलं आणि थांबलं.

प्रतिमेत ते स्पष्ट होतं. महाधमनी फुगली होती आणि तिच्या मागून जाणारी ती वाट चिमटीत धरल्यासारखी चपटी झाली होती, जेमतेम तिसरा हिस्सा उरलेला. नवी झडप बसल्यावर तेवढाही उरला नसता.

"हेच हवं होतं," डॉक्टर म्हणाला. मग हळूच शालनकडे वळला. "काकू, सगळ्यांत मोठी उसळी तुम्हाला बघून आली."

शालनने काचेतून नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता. चोरी पकडलेल्या पोरासारखा.

"भीतीने आली," ती म्हणाली. "कळतं मला."

त्या दिवसापासून शस्त्रक्रियेपर्यंत सरांना काही बोलायचं नाही, असं डॉक्टरने बजावलं. सरांनी दोनदा 'शालन, ऐक' म्हणून सुरुवात केली. दोन्ही वेळा तिने त्यांच्या हातात औषधाची गोळी दिली. जे काही होतं ते तिने दातांखाली धरून ठेवलं. ब्लाउज शिवले, काजं केली, बटणं लावली, आणि मशीनचं पायडल असं दामटलं की चौगुलेवहिनी बाहेरूनच परत गेल्या.

शस्त्रक्रियेच्या दिवशी योजना बदललेली होती. डॉक्टर बारगीरने आधी मनगटातून एक केसाएवढी तार त्या आडवाटेत नेऊन ठेवली, तिच्यावर मिटलेला स्टेंट. मग जांघेतून झडप. जुळ्यात त्याने हे इतक्या वेळा केलं होतं की हात अडखळला नाही. झडप फुलली, दार मोकळं झालं, दाब लगेच सुधारला. आणि तेवढ्यात मागची वाट दबायला लागली. तार तिथे नसती तर पोचायला वेळच नव्हता. त्याने स्टेंट उघडला. आतून टेकू मिळाला, वाट उघडी राहिली.

बाहेर बाकावर शालन बसली होती. टॅबलेट तिने पालथा ठेवला होता. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मृदुला आवटी होत्या. डॉक्टर येऊन 'ठीक आहे' म्हणाला तेव्हा मृदुलाबाई उठल्या, शालनसमोर क्षणभर थांबल्या आणि सरांना न भेटताच जिना उतरून गेल्या. ते मात्र शालनला आवडलं.

घरी सोडताना डॉक्टरने विचारलं, "चकती ठेवायची का वर्षभर? लक्ष ठेवता येईल."

"काढा," शालन म्हणाली. "मला आता काही बघायचं नाही." मग जरा वेळाने, "एक विचारू? नवी झडप बसलेल्या माणसाशी भांडता कधी येतं?"

डॉक्टरने तिच्याकडे नीट बघितलं. "तीन आठवडे थांबा. मग काही हरकत नाही."

ती थांबली. पथ्याचं शिजवलं, पाय चेपले, सकाळ-संध्याकाळ चालायला नेलं. आणि तीन आठवडे झाल्यावर एका दुपारी पुढच्या खोलीचं दार लावून घेतलं.

"आता बोला."

सर खुर्चीत सावरून बसले. बरेच दिवस तयार केलेलं वाक्य असावं. "शालन, माझी चूक झाली. आता तू म्हणशील तसं. म्हणशील तर मी कधीच..."

"हे नको!" ती एवढ्या जोराने ओरडली की तिची तीच दचकली. "तू म्हणशील तसं, तू म्हणशील तसं! छत्तीस वर्षं तुम्ही मला हेच वाढलंत. तिला टेबल आपटून दाखवता आणि मला हे! मी काय पंच नव्हे म्हणून?"

"शालन, हळू..."

"डॉक्टरला विचारलंय मी! चालतं!"

सर तिच्याकडे बघत राहिले. आणि मग त्यांच्या कानांच्या पाळ्या हळूहळू लाल व्हायला लागल्या. "बरं," ते म्हणाले. "मग मीही बोलतो. तू जिना लिहिलंस."

तिने मशीनची फळी धरली.

"इरफाननं सांगितलं मला. मी विचारलं म्हणून सांगितलं. माझ्या हृदयात काय चाललंय ते तू चोरून बघत होतीस, आणि वर खोटं लिहीत होतीस! मी मेलो असतो, शालन! त्या बाईचं नाव घ्यायला लागू नये म्हणून तू मला मरू दिलं असतंस?"

"सांगितलं ना शेवटी!"

"शेवटी! किती जिने लिहिलेस त्याआधी?"

"आणि वाचनालय कुणी सांगितलं? किती वर्तमानपत्रं वाचलीत त्या वाचनालयात?"

"तुला सांगितलं असतं तर तू..."

"मी काय? सांगा ना, मी काय केलं असतं? माहीतच नाही तुम्हाला! कधी सांगून बघितलंय?"

सरांनी मूठ उचलली आणि शिलाईमशीनच्या फळीवर आपटली. रिळं उडून जमिनीवर घरंगळली. दोघंही क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिले. सरांचा श्वास फुलला होता, पण तो पूर्वीसारखा घरघरत नव्हता. डोळे तिच्यावर रोखलेले होते, पुरते जागे. असे डोळे तिने फक्त खालून, नारळाच्या झाडाजवळून पाहिले होते.

"मंगळवारी मी जाणार आहे," ते म्हणाले.

"जा. पण वाचनालय म्हणायचं नाही. मृदुलाकडे चाललोय असं दारात उभं राहून म्हणायचं."

"म्हणेन."

"आणि आल्यावर काय भांडलात ते मला सांगायचं."

"नाही," सर म्हणाले. "ते नाही सांगणार. ते तिचं आणि माझं आहे. तुला पाहिजे तर तू तुझं भांडण काढ."

ते तिला झोंबलं. खूप झोंबलं. मत्सर कुठे गेलेला नव्हता. तो त्या बाईच्या गॅलरीत अजून तसाच उभा होता, बहुतेक कायमचाच. शालनने वाकून एक-दोन रिळं उचलली, फळीवर ठेवली आणि पायाने स्टूल पुढे ओढून सरांच्या अगदी समोर बसली.

"काढते," ती म्हणाली. "पाणी पिऊन घ्या. छत्तीस वर्षांचं आहे."